ताडपत्रीखालचा एल्म

लार्कहिलला लोक शहर म्हणतात ते केवळ नगरपालिकेच्या पाटीवर तसं लिहिलंय म्हणून. एका टोकाला धान्याची कोठारं, दुसऱ्या टोकाला हायवेलगत सिमेंटचा दोन पुरुष उंच गोफर, म्हणजे बिळात राहणाऱ्या खारीचा पुतळा, आणि मधे आम्ही. बाहेरचे लोक गोफरसोबत फोटो काढतात, पेट्रोल भरतात आणि निघून जातात. त्यांना वाटतं इथे बघण्यासारखं एवढंच आहे. वाटू दे बापडं.

बघण्यासारखं होतं ते ओढ्याकाठी. बॅजर ओढ्याच्या लाकडी पुलापासून बँडस्टँडपर्यंत पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी एल्मच्या झाडांची रांग होती. फांद्या वर एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की जुलैतल्या भर दुपारी खाली उभं राहिलं तरी गार वाटायचं. आम्ही त्याला बोगदा म्हणायचो. या मुलखात झाड आपणहून उगवत नाही. गवत उगवतं, वारा उगवतो. झाड हवं असेल तर कुणाला तरी ते लावावं लागतं आणि पाऊस दडी मारतो तेव्हा कुणाला तरी बादल्या ओताव्या लागतात. बोगदा आमच्या आजोबांच्या पिढीने लावला आणि माझ्या पिढीत तो जगवला मर्विन स्टॅडनिकने.

मर्विन माझा शेजारी. मी शाळेची बस चालवायचे आणि तो उद्यान खात्यात होता, त्यामुळे पहाटे गाड्यांच्या काचांवरचा बर्फ खरवडताना आमची रोजची भेट.

"थंडी आहे," तो म्हणायचा.

"आहे बाबा," मी म्हणायचे. उणे पस्तीसला याहून जास्त बोलायला तोंड वळत नाही.

हिवाळ्यात तो ओढ्याजवळच्या मैदानावर पाइपने पाणी सोडून स्केटिंगसाठी बर्फ धरायचा. जुन्या कचरा डेपोवर माती टाकून केलेली घसरगुंडीची टेकडी सारखी करायचा. उन्हाळ्यात पायवाटेचं गवत कापायचा आणि रानहंसांना वाटेतून हाकलायचा. हे रानहंस कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. मर्विनचं ऐकायचे, कारण तो त्यांच्याशी वाद घालायचा नाही, नुसता चालत राहायचा.

त्याची बायको कॉलीन मैदानाच्या कडेला लाकडी खोलीत हॉट चॉकलेट विकायची. बोलायचं सगळं काम तिच्याकडे होतं. "मर्व, टोपी घाल. मर्व, बर्निसला विचार तिचा गुडघा कसा आहे. अरे मर्व, तो खांब आहे, झाड नाही, त्याला कसलं पाणी घालतोयस!" बर्निस म्हणजे मी. मर्विन हसायचा आणि टोपी घालायचा. मला नवरा टिकला नाही, त्यामुळे संसारातलं मला फार कळत नाही. पण या दोघांकडे बघून कधीकधी मत्सर वाटायचा, हे खरं.

एकाच गोष्टीवर मर्विनची जीभ सैल सुटायची, एल्मच्या लाकडावर. एल्मला मारणारी एक बुरशी आहे. ती एका छोट्या भुंगेऱ्याच्या अंगावरून येते आणि तो भुंगेरा मेलेल्या एल्मच्या सालीखाली अंडी घालतो. म्हणून आमच्याकडे कायदाच आहे, एल्म पडला की त्याच दिवशी गावाबाहेरच्या नव्या डेपोवरच्या खड्ड्यात पुरायचा. सरपणाला ठेवायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. मर्विन यासाठी लोकांच्या मागीलदारी बेधडक घुसायचा. एकदा तर पाद्र्याच्या घरी जेवणावळ चालू असताना त्याने शेकोटीशेजारचे ओंडके उचलून ट्रकमध्ये टाकले.

"अरे, सॉसेज तरी भाजून होऊ दे!" पाद्री म्हणाला.

"गावातली झाडं मेली की मग भाजत बसा," मर्विन म्हणाला आणि गेला. पाद्र्याने पुढच्या रविवारी प्रवचनात हे सांगितलं, लोक पोट धरून हसले, आणि तेव्हापासून कुणी एल्मची काडीही घरात ठेवली नाही.

त्यांच्या स्वतःच्या मागीलदारीही एक एल्म होता. कॉलीनने लग्नानंतर बोगद्याखालच्या वाफ्यातून रोप उपटून आणलं होतं. मर्विन तेव्हा नवा नवा नोकरीला होता आणि म्हणाला होता की ही चोरी आहे. ती म्हणाली होती, मग लाव तक्रार. झाड मोठं झालं तसं तिने त्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधली, पाखरांच्या दाण्याचं भांडं टांगायला आकडा ठोकला. झाडाने तो आकडा हळूहळू अर्धा गिळला.

नोव्हेंबरात कॉलीन गेली. सकाळी स्वयंपाकघरात पडली आणि दुपारपर्यंत सगळं संपलं.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. मर्विनने अंड्याची दोन सँडविचेस खाल्ली, हात पुसले आणि मला विचारलं, "बर्न, बाहेर गाड्या लावतात तिथला बर्फ कुणी काढला? कोपऱ्यात तसाच राहिलाय." मग कोट घातला, फावडं घेतलं आणि तो काढायला गेला. लोक म्हणाले, घट्ट माणूस आहे. मी म्हटलं, घट्ट कसला, बधिर झालाय. पाय गोठला की दुखत नाही हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दुखतं ते ऊब लागल्यावर.

आमच्याकडे शोकातल्या घरी जेवण पोचवायची पद्धत आहे, पण दार वाजवायची नाही. भांडं पायरीवर ठेवायचं आणि पाय न वाजवता परत फिरायचं. माणसाला त्याच्या दुःखात एकटं सोडणं यालाच आम्ही चांगुलपणा समजतो. मर्विन ती भांडी रिकामी करायचा, घासायचा आणि ज्याची त्याला पायरीवर नेऊन ठेवायचा, तोही दार न वाजवता. वर्षभर गावात भांड्यांची अशी मुकी ये-जा चालली होती.

वसंतात तो निवृत्त झाला. त्याची जागा शॅनन ओकेमॉकडे आली. ती त्याच्याच हाताखाली तयार झालेली, जवळच्या क्री आदिवासींच्या वस्तीतली, हात लोखंडाचे आणि हसणं खणखणीत. मुख्य झाली तरी त्याला 'बॉस'च म्हणायची.

जुलैत वादळ झालं. आमच्याकडचा वारा आभाळातून नांगर ओढल्यासारखा सरळ रेघेत येतो. कॉलीनचा एल्म मधोमध चिरला आणि अर्धा गॅरेजवर आडवा झाला. मी त्या आठवड्यात बहिणीकडे होते, म्हणून हे मला नंतर शॅननकडून कळलं. ती माणसं घेऊन आली, झाड कापलं, ओंडके केले आणि ट्रकमध्ये भरायला लागली.

"राहू दे," मर्विन म्हणाला. "मी नेतो डेपोवर."

"बॉस, आम्ही चाललोयच तिकडे."

"मी नेतो म्हटलं ना."

शॅननने हातमोजे काढले आणि ती निघून गेली. मर्विनवर एल्मच्या बाबतीत संशय घ्यायचा, म्हणजे पाद्र्याला देव मानतोस का विचारायचं.

मी परत आले तेव्हा मागीलदारी झाड नव्हतं आणि गॅरेजमागे एक हिरवी ताडपत्री दोऱ्यांनी घट्ट बांधलेली होती. मला वाटलं, कॉलीनची होडी. तिला मासे धरायचं वेड होतं.

मर्विनचं आयुष्य तसंच चालू राहिलं. सकाळी पूल ओलांडून बोगद्यातून बँडस्टँडपर्यंत चालायचा आणि परत यायचा. कुणी हात केला की हात करायचा. हवामान विचारलं की सांगायचा. एकदा मी म्हटलं, "मर्व, तू रडलास का रे एकदा तरी?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला गाडीचा नंबर विचारलाय आणि तो त्याला आठवत नाहीये. "नाही," तो म्हणाला. "अजून नाही."

पुढच्या जूनमध्ये पुलाजवळच्या पहिल्याच एल्मचा शेंडा पिवळा पडला. पानं गुंडाळली गेली, फांदी तपकिरी झाली. शॅननने फांदी कापून तपासायला पाठवली, आणि निकाल यायच्या आतच तोडायची खूण म्हणून खोडाला नारिंगी पट्टा ओढला.

बेकरीत आमचं सकाळचं टेबल असतं. क्लिफ, जो कोठारावर कामाला होता, तो तिथला सभापती. क्लिफच्या मते गारपीट, महागाई आणि त्याचा जावई हे तिन्ही शेजारच्या अल्बर्टा प्रांतातून आले.

"हे अल्बर्टावाल्यांचंच काम," क्लिफ म्हणाला. "येतात तळ्यावर तंबू टाकायला, येताना सरपण आणतात, आणि उरलेलं आपल्या उरावर टाकून जातात."

"नाही," मर्विन म्हणाला. "कुणीतरी इथेच लाकूड ठेवलंय. साल न काढता."

"गावातल्या माणसाने? तुला पाद्र्याची शेकोटी आठवते ना? त्यानंतर कुणाची छाती होणार आहे?" क्लिफने टेबलावर बोट आपटलं. "सापडला ना तो, तर त्याच झाडाला बांधून ठेवायचा. हिवाळाभर."

"बांधा," मर्विन म्हणाला आणि त्याने कॉफीत साखर घातली. तो साखर घेत नाही. मी बघितलं, आणि म्हटलं, विसरला असेल.

शॅननने ओढ्याकाठची सगळी घरं तपासली. पडव्या, गॅरेजं, होड्यांखालची जागा. काही सापडलं नाही. एक झाड तोडून पुरलं आणि आम्ही समजलो, निभावलं.

पण एल्म शेजारीशेजारी लावले की त्यांची मुळं जमिनीखाली एकमेकांत शिरतात. रोग वरून येवो न येवो, खालून सरकतो. दुसऱ्या उन्हाळ्यात पुलाकडची सगळी झाडं एकामागून एक पिवळी पडत गेली. जुलैतच खाली पानांचा खच. लोक तिथे जायचे, वर बघायचे आणि परत यायचे. मर्विन मात्र रोजच्यासारखा चालत होता. खचातून पाय ओढत जाण्याचा त्याचा आवाज मला माझ्या ओट्यावर ऐकू यायचा. वैताग यायचा. या माणसाने हे एकेक झाड बादलीने वाढवलंय, आणि चेहऱ्यावर रेघ हलत नाही!

सप्टेंबरच्या शेवटी बर्फावरच्या कर्लिंग खेळाच्या हॉलमध्ये सभा झाली. शॅनन उभी राहिली. खणखणीत हसणारी बाई त्या दिवशी घसा साफ करून करून बोलत होती.

"लाकूड कुठे दडलंय ते कळलं असतं, तर पुलाकडची झाडं काढून मधे खोल चर मारला असता. मुळांचा संबंध तोडला असता आणि बँडस्टँडकडची निम्मी वाचवली असती. पण भुंगेरा कुठून येतोय हेच माहीत नाही. चर मारायचा कुठल्या बाजूला? उद्या तो दुसऱ्या टोकाने आला तर शाळेच्या रस्त्यावरची झाडंही जातील. म्हणून सगळीच काढायची. सोमवारपासून."

हॉलमध्ये कुणीही ओरडलं नाही. आम्ही ओरडणारी माणसंच नव्हे. खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या आणि घरी गेलो. मर्विनने सगळ्यात जास्त खुर्च्या उचलल्या.

शनिवारी वारा सुटला. दुपारी मर्विनच्या ताडपत्रीची दोरी तुटली आणि ती माझ्या कुंपणावर येऊन फडफडायला लागली. मी शिव्या देत ती सोडवायला गेले, आणि पलीकडे पाहिलं. होडी नव्हती.

ओंडके होते. कडेने कडा लावून, जाडीप्रमाणे रचलेले, भिंत बांधावी तसे. सगळे सालीसकट. आणि साल बंदुकीचे छर्रे मारल्यासारखी बारीक भोकांनी भरलेली. मी एका ओंडक्याची साल ओढली तर ती अलगद हातात आली. आत भुंगेऱ्याने कोरलेली गोमेसारखी नक्षी होती, मधे एक जाड रेघ आणि दोन्ही बाजूंना बारीक पाय. वरच्या एका ओंडक्यात अर्धा गिळलेला लोखंडी आकडा होता.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

मी दार वाजवलं नाही. सरळ स्वयंपाकघरात शिरले. मर्विन ओट्यापाशी उभ्यानेच थंड पिरोगी, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खात होता. मी ती सालीची ढलपी त्याच्या ताटलीत टाकली.

"हे काय आहे?"

त्याने बघितलं. काटा खाली ठेवला. "साल."

"मर्व, मला वेड लावू नकोस! तुला माहीत होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या झाडापासून. त्याआधीच, खरं तर. ताडपत्री बांधतानाच."

"मग नेलं का नाहीस? तू? अरे, पाद्र्याच्या तोंडचा घास काढलास तू यापायी!"

"रोज सकाळी म्हणतो, आज नेतो." तो नेहमीच्याच आवाजात बोलत होता, हवामान सांगावं तसा. "ट्रक चालू करतो. थोडा वेळ बसतो. मग बंद करतो."

"अरे पण का?"

त्याने काटा ताटलीच्या कडेला सरळ लावला. मग म्हणाला, "तिला पुरलं तेव्हा मला काही झालं नाही, बर्न. मी वाट बघितली. रात्री बघितली, नाताळला बघितली. काहीच नाही. मग झाड पडलं. म्हटलं, हेही आज पुरून आलो आणि तरी काही झालं नाही, तर मग माझ्याकडे काहीच उरणार नाही. म्हटलं, असू दे. रडू आलं की त्या दिवशी नेईन."

"आणि बोगदा?"

"बोगदा मरताना बघतोय ना रोज. त्याचंही काही वाटत नाही."

मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. संताप आला. "तुला रडू येईना म्हणून गावाने सावली गमवायची का रे? तुझं एकट्याचं माणूस मेलं का जगात?"

"नाही," तो म्हणाला.

"सोमवारी करवती लागणार आहेत. त्याआधी शॅननला सांग. निम्मी झाडं अजून उभी आहेत. नाहीतर मी सांगते, आणि मी कशी सांगेन ते तुला माहीत आहे."

"सगळ्यांसमोर सांगशील."

"माझ्या ओट्यावर उभी राहून सांगेन!"

त्याने मान हलवली. मी निघाले तेव्हा त्याने ढलपी ताटलीतून बाजूला काढली आणि उरलेल्या पिरोगी खायला घेतल्या. असा राग आला की दार आपटलं ते अजून नीट बसत नाही.

रविवार गेला. तो चर्चला आला, भजनं म्हटली, शॅननच्या दोन बाकं मागे बसला आणि परत गेला. मी रात्रभर तळमळत होते. सकाळी यंत्रांची घरघर सुरू झाली तशी कोट अडकवून पुलाकडे धावले.

अर्धं गाव तिथे होतं, थर्मास घेऊन. आमच्याकडे अंत्ययात्रेला आणि यंत्र बघायला माणसं सारखीच जमतात. पहिलं झाड खाली आलं होतं. दुसऱ्याला करवत लागली होती. मग मला मर्विन दिसला. घरातल्या सपाता, अंगात नुसता शर्ट, डोक्याला टोपी नाही, तसाच पूल ओलांडून शॅननसमोर जाऊन उभा राहिला. त्याचे ओठ हलले. करवतीच्या आवाजात शॅननला काही ऐकू गेलं नाही. तिने कानाला हात लावला.

तो ओरडला. मर्विनला ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. नेमकी त्याच क्षणी करवत थांबली, आणि त्याचं वाक्य सगळ्या ओढ्याकाठाने ऐकलं.

"लाकूड माझ्याकडे आहे!"

दुसऱ्या झाडाशी उभ्या माणसाने करवत खाली ठेवली.

"गॅरेजच्या मागे," तो पुन्हा नेहमीच्या आवाजात म्हणाला. "दोन वर्षांपासून. चर मधे मार, शॅनन. बँडस्टँडकडची ठेव. भुंगेरा माझ्या घरातून आला."

शॅननने हेल्मेट काढलं. माझी अपेक्षा होती की ती त्याला फाडून खाईल. तिला तो अधिकार होता.

"मी आले होते, बॉस," ती म्हणाली. "गेल्या वर्षी घरं तपासली तेव्हा. तुमच्या फाटकापर्यंत आले. ताडपत्री दिसली मला."

"मग आत का नाही आलीस?"

"कॉलीनचं झाड होतं ते. म्हटलं, आठवडाभर राहू दे त्यांच्याजवळ, मग विचारू." तिने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "मग आठवडा उलटला, आणि नंतर विचारायची लाज वाटायला लागली."

"मलाही दिसली होती," मागून क्लिफ म्हणाला. तो जमिनीकडे बघत होता. "कोठाराच्या शिडीवरून दिसते. म्हटलं, त्याचं तो बघेल."

आणखी एक बाई म्हणाली, भांडं ठेवायला गेली तेव्हा तिनेही ताडपत्री पाहिली होती. म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक आणि सगळ्या गावाची अळीमिळी गुपचिळी! होडी समजणारी महामूर्ख मी एकटीच, तीही कुंपणाला कुंपण लागून राहणारी. माझं डोकं फिरलं.

"मेल्यांनो, एकाने तरी दार वाजवायचं होतंत!" मी ओरडले. "भांडी कसली ठेवता पायरीवर! आत जाऊन विचारायला काय तोंडाला टाके घातले होते?"

शॅननने खिशातून पट्टा ओढायचा रंग काढला आणि ती बोगद्याच्या मध्यापर्यंत चालत गेली. तिथे जमिनीवर आडवी नारिंगी रेघ मारली. "चर इथे," ती खोदणाऱ्यांना म्हणाली. मग परत येऊन मर्विनला म्हणाली, "तुमचं लाकूड तुम्हीच न्या. आजच. आणि आधी कोट घाला."

ओंडके आम्ही दोघांनी भरले. क्लिफ आला होता, पण मर्विनने त्याला परत पाठवलं. आकड्याचा ओंडका हातात आला तेव्हा मी मुद्दाम थांबले. तो त्याने माझ्या हातातून घेतला, बाकीच्यांसारखाच ट्रकमध्ये टाकला आणि पुढचा उचलला.

डेपोवर खड्डा तयार होता. एकेक ओंडका आत गेला. बुलडोझरने मातीचा लोट वर ढकलला, एकदा, दोनदा. मी मर्विनच्या तोंडाकडे बघत होते, दूध उतू जाईल म्हणून पातेल्याकडे बघत बसावं तसं.

"झालं?" बुलडोझरवाल्याने विचारलं.

"झालं," मर्विन म्हणाला. डोळे कोरडे. हात झटकले आणि गाडीत बसला. मला वाटलं, संपलं. हा माणूस असाच जाणार.

परत निघालो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. गावात शिरलो, शाळा गेली, लाकडाची वखार गेली आणि ट्रक चालतच राहिला. घरं विरळ झाली. पुढे नांगरलेली काळी जमीन सुरू झाली तेव्हा मी म्हटलं, "मर्व, आपलं वळण गेलं मागे."

"नाही गेलं."

"अरे, गेलं रे. मागेच."

त्याने रस्त्याच्या कडेला ट्रक थांबवला आणि मागे वळून बघितलं. मीही बघितलं. ओढ्याच्या बाजूला जिथे झाडांचा काळा ढग असायचा तिथे मोकळं आभाळ होतं. दिवसभरात पुलाकडची सगळी झाडं उतरवली होती. आमच्या वळणाला पाटी आहे, पण ती आमच्यापैकी कुणी कधी वाचलीच नव्हती. एल्म आले की वळायचं, एवढंच ठाऊक. ज्याने ते वाढवले त्याला आपल्या घराचा रस्ता सापडला नाही.

मर्विन बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मग तो माझ्याकडे वळला. घरी परतताना हातून काहीतरी मोठं फुटलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"बर्न," तो म्हणाला, "मी आता कॉलीनला काय सांगू?"

ट्रक उताराला लागेल म्हणून मी हात लांबवून हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. तो तसाच स्टिअरिंगवर वाकला आणि काचा आतून धुरकट होऊन बाहेरचं काही दिसेनासं होईपर्यंत रडत राहिला.